तुडुंब डिस्क आणि टोमॅटोचा चोर

जिन्याखालच्या कपाटात, चपलांच्या वरच्या फळीवर, घराची स्मृती मंद गुणगुणत असे. तो सर्व्हर थोरल्याने स्वतःच्या हातांनी जोडला होता. एकुलता एक असूनही घरात त्याला थोरलाच म्हणत. धाकटा कधी आलाच नाही, नाव मात्र चिकटून राहिलं. घरातल्या प्रत्येक यंत्राने आपलं ओझं इथे आणून उतरवावं, इथलं काहीही कधी पुसलं जाऊ नये, अशी त्याची योजना. विस्मरणाला तिच्यात थारा नव्हता.

त्या दुपारी गुणगुण थांबली. पडद्याच्या अंधारात एकच पांढरी ओळ उमटली: जागा शिल्लक नाही. सर्व्हर उठेना, कारण उठल्याची नोंद करायलाही आत कणभर जागा उरली नव्हती. आणि आतच अडकला होता बायकोचा प्रबंध, संध्याकाळच्या आत विद्यापीठाला पाठवायचा.

"लॅपटॉपवर ठेवू नकोस, तो दगा देईल, असं कोण म्हणालं होतं?" बायकोने विचारलं.

"मी."

"छान. आता बोलू नकोस, हात चालव."

थोरल्याने एक फाइल पुसायची आज्ञा दिली. नकार. दुसरी. नकार. मग त्याला उमगलं. फाइल पुसली, हेही डिस्कला आधी कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. आणि तेवढीही जागा नव्हती.

"म्हणजे कचरा टाकायलाही जागा नाही?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या खोलीसारखंच की!"

एक वाट होती. पिंप जागेवर ठेवून पाणी तेवढं ओतून द्यावं, तशी एखादी अवाढव्य फाइल नाव राखून आतून रिकामी करायची. अवाढव्य फाइली घरात एकाच माणसाच्या होत्या.

बाबा निवृत्त तपासनीस. गच्चीतल्या कुंड्यांमधले टोमॅटो लाल होता होताच कुणीतरी लांबवतं, म्हणून त्यांनी तिथे कॅमेरा बसवला होता. तो अहोरात्र कुंड्यांकडे टक लावून असे आणि सगळं चित्रण याच डिस्कवर साठवत असे.

"न पाहिलेलं एकही चित्रण जाणार नाही," बाबांनी कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला. "चोर नेमका त्यातच असला तर?"

"मग पाहिलेलं द्या. कुठवर पाहिलंत?"

"पहिला दिवस चालू आहे. क्रमाने पाहतोय. मधलं गाळून पाहतात त्याला तपास म्हणत नाहीत, चाळा म्हणतात."

"बाबा, माझी चार वर्षं आहेत हो त्यात," सून म्हणाली.

"आणि माझे टोमॅटो, सूनबाई."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. पुलांच्या कंपनांवर एवढं लिहिलेली ती बाई आता स्वतःच थरथरत होती. थोरल्याला तिच्याकडे पाहवेना; काहीच न पुसण्याचा त्याचा सगळा अभिमान त्या कपाटात थंड पडला होता.

आईने मात्र पाहिलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, चोर मी."

"काय?"

"कपडे वाळत घालायला जाते ना, तेव्हा काढते. एकेक."

"सुनेसाठी खोटं बोलतेस तू."

"बरं. परवा सूप दोनदा मागून घेतलंत, ते कशाचं होतं? 'बाजारात अखेर चांगला माल यायला लागला' म्हणालात!"

बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो रंग चढला, तो त्यांच्या रोपांनाही कधी साधला नव्हता.

"विचारायचंस तरी."

"विचारून काय? अजून थोडे पिकू दे, म्हणाला असतात. आधीचे तसेच देठावर सडले."

मग बाबांनी कीबोर्ड सुनेपुढे धरला.

"घे. कुठलंही चालेल. प्रकरण निकालात निघालं."

तिने आषाढातल्या ढगासारखी फुगलेली एक फाइल निवडली आणि कळ दाबली. कपाटात पुन्हा ती गुणगुण, आधी चाचरत, मग सलग. प्रबंध उघडला; तिने शेवटचं पानसुद्धा न वाचता तो पाठवून दिला आणि भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटले.

तोवर कीबोर्ड परत बाबांकडे गेला होता.

"हेही नको," ते पुटपुटत होते. कळ. "हेही नको." कळ. आयुष्यभर पुरावे जपलेल्या माणसाला टाकून देण्याची चटक लागली होती. चित्रणं संपली, बोट मात्र थांबेना.

"बाबा, थांबा!" थोरला झेपावला. "ते आमच्या लग्नाचे फोटो!"

"जाऊ दे रे," बायको डोळे न उघडता म्हणाली, "जागा होईल."