बाल्सरमामाचं बूड आणि कुर्दिनची रेघ

आमच्या सुरवाल गावातला मुलगा खिंडीपलीकडच्या क्रेस्टात लग्नाला निघाला, की तो बसने जात नाही. बस आहे. चांगली पिवळी बस आहे, आणि तिच्या खिडक्यासुद्धा उघडतात. पण नवरदेवाने पहाटे पायांना स्की बांधायच्या, खिंड चढायची आणि पलीकडच्या मोठ्या उतारावरून थेट चर्चच्या दिशेने घसरत उतरायचं, अशी आमची रीत आहे. उतरताना बर्फावर त्याची एक नागमोडी रेघ उमटते. ती चर्चच्या अंगणातून स्वच्छ दिसते. वधूकडची मंडळी ती रेघ निरखतात, माना डोलावतात नाहीतर नाकं मुरडतात, आणि मग लग्न लागतं. पुढचा बर्फ पडेपर्यंत रेघ तिथेच असते, त्यामुळे सासूबाईंना बोलायला विषय पुरतो.

कुर्दिनच्या लग्नाला आम्ही तिघं निघालो. एक कुर्दिन स्वतः. दुसरा त्याचा बाल्सरमामा. तिसरी मी. कुर्दिनला मी शाळेत बाराखडीपासून शिकवलं होतं, आणि आता निवृत्तीनंतर गावच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवते. भोंगा म्हणजे कुशीत घेऊन फुंकायचा, आणि फुंकला की गाभण म्हशीसारखा हंबरतो, तो. नवरदेव चर्चच्या दारात आला की तो हंबरलाच पाहिजे. म्हणून तो माझ्या पाठीवर उपडा बांधला होता, आणि मी दुरून चालत्या घंटेसारखी दिसत होते.

वसंतातल्या बर्फाचं एक आहे. तो दिवसातून तीन वेळा कपडे बदलतो. रात्री गोठतो, म्हणून पहाटे तो काच असतो. त्यावर पाय ठेवलात तर दात पडतात. मग ऊन लागतं, वरचा बोटभर थर सुटतो आणि तो रवा होतो, साजूक तुपासारखा रवाळ. त्यावरून उतरणं म्हणजे स्वर्ग. पण उन्हाला थांबायचं कळत नाही. तासाभरात त्या रव्याची लापशी होते. लापशीत माणूस कमरेपर्यंत रुततो, आणि कधीकधी अख्खी लापशीच डोंगरावरून खाली निघते, वाटेतल्या सगळ्यांना घेऊन. म्हणून खिंडीत थांबायचं, रवा होऊ द्यायचा, आणि नेमक्या वेळी सुटायचं.

नेमकी वेळ कोण सांगणार? सुरवालमध्ये ते काम बाल्सरमामाच्या बुडाचं होतं.

यात हसण्यासारखं काही नाही. मामा खिंडीत पोचला की बर्फावर फतकल मारून बसायचा. उठल्यावर पँट कोरडी असली की अजून काच. दमट असली की रवा, चला. ओलीचिंब असली की उशीर झाला, घरी जा. आजवर ते बूड कधी चुकलं नव्हतं. शेजारच्या गावांतले लोकसुद्धा फोन करून विचारायचे, "बाल्सर, आज काय म्हणतंय?"

क्रेस्टात त्या दिवशी दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे पाद्री लिनार्ड. दुपारी त्यांना इकडे सुरवालमध्ये एका बाळाचं नाव ठेवायचं होतं, त्यामुळे बाराची घंटा झाली की ते स्की घालून निघणार म्हणजे निघणार. दुसरी म्हणजे वधूचा बाप, याखेन. खोऱ्यात कोणी बर्फाखाली सापडलं की शोधायला जाणाऱ्यांचा तो म्होरक्या. त्याने कुर्दिनला आधीच बजावलं होतं, "जावईबापू, रेघ दिसली तर पोरगी मिळेल. पाद्री गेल्यावर आलास तर लग्न पुढच्या वसंतात. ज्याला बर्फाची वेळ साधत नाही त्याला माझी सेराइना काय साधणार?"

सेराइना मात्र गोड मुलगी. लग्नाच्या निमित्ताने तिने मामाला शहरातून नवी कोरी स्कीची पँट पाठवली होती. काळीभोर, चकचकीत. मामा ती घालूनच निघाला होता आणि चढताना वाटेतल्या प्रत्येक दगडाला दाखवत होता.

आठच्या सुमाराला आम्ही खिंडीत पोचलो. स्कीच्या तळाला चढणीसाठी चिकटवलेले केसाळ पट्टे सोलून काढले, गुंडाळून कोटात ठेवले. खाली क्रेस्टाचं चर्च काड्यापेटीएवढं दिसत होतं. अंगणात माणसांचे ठिपके, आणि त्यांत एक लाल ठिपका. आमच्या खोऱ्यात नवरी लाल नेसते.

"ती बघ, ती बघ!" कुर्दिन म्हणाला आणि दोन्ही हात हलवायला लागला.

"अरे, तिला तू मुंगीएवढा दिसत असशील," मी म्हटलं.

"बाई, मुंगीसुद्धा हात हलवू शकते."

मामाने जागा साफ केली, दोन्ही हातांनी पँट सारखी केली आणि मोठ्या गांभीर्याने बर्फावर बसला. थोड्या वेळाने तो उठला, मागे हात लावून म्हणाला, "कोरडं. काच आहे."

मग आम्ही अक्रोडाचा केक खाल्ला. मामा पुन्हा बसला, पुन्हा उठला. "कोरडं."

मीही त्याच्या शेजारीच बसले होते. वाळवलेल्या मांसाचे काप झाले. पेअर घातलेली पोळी झाली. ऊन कानशिलांवर तापायला लागलं.

"मामा, मला वाटतं मऊ झालाय," कुर्दिन काठीने टोचत म्हणाला.

"काठीला काय कळतंय?"

"काठी आत जातेय."

"काठी कुठेही जाते. ती मूर्ख आहे. मी बसतो तिथे बघ." मामा बसला. उठला. "खडखडीत! माझ्या लग्नात मी एवढी घाई केली असती तर तुझी मामी मला मिळाली नसती."

"मामी म्हणते तू घाई केली असतीस तर तिला दुसरा कोणीतरी मिळाला असता."

"बाई, हा तुमचा विद्यार्थी. असं शिकवलंत याला?"

"व्याकरण शिकवलं," मी म्हटलं. "बाकी तुमच्याच घरचं."

खरं म्हणजे मला केव्हापासून खाली ओलं ओलं लागत होतं. पण माझ्या वयात माणूस अशी गोष्ट चारचौघांत बोलत नाही. मी गुडघे जवळ घेतले आणि डोंगरांकडे बघत राहिले.

खाली चर्चची अकराची घंटा झाली. कुर्दिन बुटाचा चाप आवळायला खाली टेकला, आणि उठला तेव्हा त्याच्या मागून पाणी टपकत होतं.

"मामा," तो म्हणाला, "मी भिजलो."

"मी पण!" माझ्या तोंडून निसटलंच. मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ आनंदाने ओरडले.

आम्ही दोघांनी मामाकडे पाहिलं. मामाने मागे हात लावला. कोरडं. कुर्दिनने थर्मासमधला उरलेला चहा मामाच्या नव्या पँटवर ओतला. थेंब कमळाच्या पानावरून ओघळावेत तसे ओघळून गेले. आत काही गेलं नाही.

मामाचा चेहरा बघवेना. "म्हणजे मी सकाळपासून," तो हळूच म्हणाला, "छत्रीत बसलोय."

कुर्दिनने काठी बर्फात रोवली. ती मुठीपर्यंत गेली. काच नाही, रवा नाही, शुद्ध लापशी. उताराच्या एका कडेने बर्फाचे गोळे आपोआप सुटून खाली गडगडत निघाले होते, आधी सफरचंदाएवढे आणि खाली पोचेपर्यंत चाकांएवढे.

"अजून वेळ आहे," मामा घाईघाईने म्हणाला. "माझीच चूक, पण अजून होईल. पाच-सहा वळणं मार, डोळे मिट आणि सूट! ते बघ, सगळे तुझीच वाट बघतायत."

खाली लाल ठिपका अंगणाच्या टोकाला एकटाच उभा होता. कुर्दिनने स्की उताराकडे वळवल्या. वर्गात मूल फळ्यापुढे खडू घेऊन उभं असतं तेव्हा मागून उत्तर सांगायचं नसतं. पण खरं सांगते, इतक्या जोराने मी आयुष्यात जीभ चावली नव्हती. ओठ उघडणार, एवढ्यात एक गोळा सुटला आणि कुर्दिन त्याच्याकडे तो पार खाली जाईपर्यंत बघत राहिला.

मग त्याने स्की परत फिरवल्या.

"नाही," तो म्हणाला. "मागच्या घळीने जाऊ."

"सावलीच्या? अरे, ती लांब आहे! तिथून रेघ दिसत नाही. पाद्री जाईल! पुढच्या वसंतापर्यंत..."

"मामा, पुढच्या वसंतात मी असलो पाहिजे ना लग्नाला."

त्याचा आवाज मात्र रडवेला होता. एकदाच त्याने लाल ठिपक्याकडे पाहून हात हलवला आणि निघाला.

सावलीच्या घळीत ऊन पोचलेलं नव्हतं, तिथे अजून पहाटच होती. म्हणजे काच. आम्ही स्कींच्या कडा रोवत, खेकड्यासारखे आडवे आडवे उतरू लागलो. खर्रर्र, खर्रर्र, दाढा हलत होत्या. अर्ध्यावर मी घसरले. मी कुर्दिनच्या अंगावर जाऊन थांबले, पण माझ्या पाठीवरचा पट्टा तुटला आणि भोंगा सुटला.

तो सरळ उतरला. कसलं वळण, कसला थांबा! घळीच्या काचेवरून पितळी भोंगा तोंड पुढे करून जो निघाला तो सुसाट, आणि वारा त्याच्या तोंडात शिरून तो वाजायला लागला. हंबरतच गेला. वळणावर दगडाला लागून एक उंच स्वरही त्याने काढला, जो मला इतक्या वर्षांत कधी जमला नाही.

"बाई," मामा म्हणाला, "तुमच्यापेक्षा सुरात आहे."

आता खाली काय घडलं ते ऐका. हे सेराइनाने मागाहून सांगितलं. तिच्या हातात दुर्बीण होती. आम्ही खिंडीत बसलोय, उठतोय, परत बसतोय, हे ती सकाळपासून बघत होती आणि तिला वाटत होतं की सुरवालकडे काही नवीन प्रार्थना निघाली आहे. मग तिने आम्हाला फिरताना पाहिलं. याखेन म्हणाला, "गेले! घाबरून घरी गेले." ती म्हणाली, "बाबा, ते घळीने येतायत. पोचेपर्यंत बारा वाजून जातील. पाद्रीबुवांना पण त्याच वाटेने जायचंय. मग इथे उभं राहून काय करायचं? चला सगळे."

"चर्चच्या बुटांनी?"

"मग अनवाणी या."

अशी ती लाल कपड्यांत, पाद्रींना पुढे घालून निघाली, आणि मागून अख्खं वऱ्हाड. घळ जिथे संपते तिथे उन्हाळ्यात गुरांचं दूध काढायची एक झोपडी आहे. तिच्यापाशी ते पोचतात न पोचतात, तोच वरून हंबरण्याचा आवाज आला. सगळे थबकले. वळणावरून एकटा भोंगा आला, सपाटीवर हळू झाला आणि बरोबर याखेनच्या पायापाशी येऊन थांबला.

याखेनने त्याच्याकडे पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "नवरदेव कुठे आहे? हा कोण?"

"सुरवालची माणसं पुढे सामान पाठवतात, बाबा," सेराइना म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता, कारण भोंग्यामागून कोणीच येत नव्हतं.

बराच वेळ कोणी येत नव्हतं. आम्ही आडवे आडवेच उतरत होतो ना!

त्याच वेळी डोंगराच्या उन्हाच्या बाजूने एक लांब, ओला, पोटातून आल्यासारखा आवाज झाला. आम्ही घळीत जागच्या जागी थांबलो. खालच्यांना दिसलंही. चर्चसमोरचा मोठा उतार मधोमध फाटला आणि अर्धा डोंगर लापशी होऊन खाली सांडला. मागे उरली ती नुसती तपकिरी माती आणि दगड.

मग वळणावरून आम्ही तिघं दिसलो. मी सगळ्यात मागे, मागून भिजलेली. सेराइना पळत सुटली, तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत रुतली आणि तिथूनच ओरडली, "मूर्खा! किती उशीर!"

"उताराची लापशी झाली गं!" कुर्दिन ओरडला. "मामाला तू दिलेली पँट..."

"पँट कशी आहे?"

"फार चांगली आहे!" मामा कळवळून म्हणाला. "तोच तर घोटाळा!"

कुर्दिन याखेनसमोर येऊन उभा राहिला. पाठपिशवीतला लग्नाचा कोट त्याने तशा घाईतही चढवला होता. खाली मात्र ओली विजार आणि स्कीचे बूट. "मामंजी, रेघ नाही काढली," तो म्हणाला. "आणि वेळही चुकली."

याखेन उताराकडे बघत होता. त्या तपकिरी डागाकडे तो इतका वेळ बघत राहिला की पाद्रींनी घड्याळ काढून खाकरायला सुरुवात केली. अशा डागांखाली त्याने आयुष्यभर काठ्या खुपसून माणसं शोधली होती.

"वर उभा होतास तेव्हा काय दिसलं तुला?" त्याने विचारलं.

"सेराइना दिसली. आणि गोळे सुटताना दिसले."

"आणि तरी फिरलास."

"हो."

याखेनने नाक शिंकरलं. "पाद्रीबुवा, लावा लग्न. आणि तुम्ही, बाई, वाजवा ते काय आहे ते."

मी भोंगा उचलला आणि सगळा जीव एकवटून फुंकला. आधी काहीच झालं नाही. मग आतला बर्फाचा गोळा तोफेसारखा सुटला आणि पाद्रींची टोपी झोपडीच्या छपरावर गेली. पाद्री लिनार्ड माणूस समजूतदार. टोपीकडे बघितलंही नाही. "वराला कबूल? वधूला कबूल? कोणाची हरकत? नाही ना, मला चढण आहे," एवढं म्हणून त्यांनी आशीर्वाद दिला, स्कींना पट्टे चिकटवले आणि केकचा तुकडा तोंडात धरून घळीची वाट धरली.

"येताना सावलीनेच या!" याखेन त्यांच्या पाठीमागे ओरडला.

मग तो वऱ्हाडाकडे वळला. लापशी आता इथेही होऊ लागली होती. चर्चच्या बुटांतले काका, मावश्या, चुलत भावंडं जागोजागी कमरेपर्यंत रुतून, फुलदाणीत खोचल्यासारखी उभी होती, आणि चेरीच्या दारूची बाटली हातोहात फिरत असल्यामुळे कोणाचीच तक्रार नव्हती.

"चला, जावईबापू," याखेन कोटाच्या बाह्या सरसावत म्हणाला, "तुमच्या आत्तेसासूबाईंपासून सुरू करू. त्या सगळ्यात वजनदार आहेत. तू डावा हात धर."