खांद्याची खूण
दाजींच्या मुष्टियुद्धाच्या लढतीबद्दल वर्तमानपत्रांत जे काही छापून यायचं, ते त्यांची बायको फडताळात डब्यांखाली अंथरायची. "निदान फळ्या तरी स्वच्छ राहतील," म्हणायची.

छापून तरी काय येणार? जगज्जेता आजवर कोणाकडून हरलेला नाही, त्याच्या उजव्या हातापुढून कोणी धड परतलेलं नाही, आणि हा नवा आव्हानवीर, चाळिशीकडे झुकलेला, त्याच्यासमोर किती वेळ उभा राहतो एवढाच काय तो प्रश्न. याआधीच्या आव्हानवीराला आता स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती. बायको लावून द्यायची. दाजींच्या बायकोनं, म्हणजे चिमीनं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पाहून आल्यापासून त्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता. दाजींच्या शर्टाची बटणं तेवढी पुन्हा घट्ट शिवून ठेवली होती.

नकल्या हा चिमीचा थोरला भाऊ. हे नाव त्याला सरावाच्या हॉलमध्ये पडलं. तोही एके काळचा मुष्टियोद्धा. जगज्जेता अजून जगज्जेता झाला नव्हता तेव्हा नकल्या त्याच्याशी लढला होता आणि सपाटून हरला होता. म्हणून दाजींच्या वस्तादांनी त्याला बोलावून घेतलं. "तू तो हो," म्हणाले. झालं. टायरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये, रबराच्या वासात, नकल्या रोज जगज्जेता व्हायचा. तशीच हनुवटी पाडून चालायचा, तसाच डाव्या हातानं डिवचायचा, आणि मग उजवा सोडायचा. दाजी मार खायचे आणि म्हणायचे, "मेव्हणे, बहिणीनं काही जुनं उट्टं काढायला सांगितलंय का?"

असेच दिवस चालले असताना एकदा वस्ताद बाकावरून उठून ओरडले, "सापडलं! खांदा बघा त्याचा, खांदा!"

उजवा ठोसा सुटायच्या आधी नकल्याचा उजवा खांदा जरासा खाली उतरत होता. वस्तादांनी जगज्जेत्याच्या जुन्या लढती पडद्यावर लावल्या. चित्र अंधूक, खांदा बहुतेक वेळ पलीकडच्या बाजूला. "हा बघा, उतरला की नाही?" सगळ्यांना उतरलेला दिसला. दिसायलाच हवा होता, दुसरं काही हाताशी नव्हतं.

तिथून पुढची सगळी तयारी त्या एका खुणेवर उभी राहिली. खांदा उतरला की वाकायचं, ठोसा डोक्यावरून जाऊ द्यायचा आणि डावा घालायचा. दाजींना ते जमू लागलं. इतकं जमू लागलं की ते जेवताना बोलायला लागले, घरात शीळ घालायला लागले. चिमीचा जीव थोडा खाली बसला.

लढतीच्या आठवड्यात नकल्या दुपारी तिच्याकडे जेवायला गेला होता. चिमी चुलीपाशी होती.

"दादा, वरचा मोठा डबा काढून दे रे. तुझ्या दाजींना सांगितलं तर फडताळासकट काढतील."

नकल्यानं हात वर केला. चिमी हसली.

"अजून तसंच का तुझं?"

"काय?"

"खांदा रे. काही उचलायचं झालं की आधी तो वाकून नमस्कार करतो, मग हात वर जातो. तू पडला होतास ना, तेव्हापासूनचं हे."

नकल्याचा हात डब्यावरच थांबला. तेव्हापासूनचंच होतं. जगज्जेत्याचा ठोसा बसून पडताना त्यानं हात टेकला होता आणि खांदा निखळला होता. पुढे बसवला, पण पहिल्यासारखा काही झाला नाही.

"डबा देतोस की उभ्या उभ्या झोप लागली?" चिमी म्हणाली.

तो जेवला नाही. डोकं चढलंय म्हणाला आणि तडक हॉलवर गेला. पडदा लावून त्यानं एकेक लढत पुन्हा पाहिली. एका लढतीत जगज्जेत्याची उजवी बाजू समोर आली होती. नकल्यानं तेवढाच तुकडा मागे नेऊन नेऊन पाहिला. खांदा उतरत नव्हता. भिंतीतून खिळा यावा तसा हात सरळ येत होता, आणि समोरचा माणूस खाली जात होता.

दाजी इतके दिवस जगज्जेत्याशी लढायची तयारी करत नव्हते. नकल्याच्या मोडक्या खांद्याशी लढायची करत होते.

वस्ताद मागे कधी येऊन उभे राहिले ते त्याला कळलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

"कोणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नकोस. त्याचे पाय मंदावलेत, हात मंदावलेत. एक भरवसा तेवढा आहे. तो काढून घेतलास तर रिंगणात नुसतं अंग जाईल."

"आणि नाही काढला तर? खांदा उतरायची वाट बघत उभे राहतील ते!"

"बहीण तुझी आहे म्हणून तुला—"

"हो. बहीण माझी आहे म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी शेवटचा हलका सराव होता. तोंडानं सांगायचं धैर्य नकल्याला झालंच नाही. त्यानं दात आवळले, खांदा होता तिथेच धरून ठेवला आणि उजवा सोडला. कळ मानेपर्यंत गेली. दाजी खुणेची वाट बघत होते. ठोसा थेट गालावर बसला.

"अरेच्चा," दाजी म्हणाले. "दिसलंच नाही. पुन्हा या."

पुन्हा बसला. दाजी डोकं झटकून हसले. तिसऱ्यांदा ते गुडघ्यावर आले, आणि या वेळी हसले नाहीत. त्यांनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद जमिनीकडे बघत होते.

"खूण तुमची होती तर," दाजी हळूच म्हणाले.

"माझीच."

"आणि त्याची?"

"त्याची काही नाही, दाजी. हात निघाला हे कळतं तेव्हा तो लागलेला असतो." नकल्या त्यांच्यासमोर खाली बसला. "लढत सोडून द्या. मनगट दुखावलं म्हणून सांगू. चिमीला केवढं बरं वाटेल."

"वाटेल. म्हणून तर तिला विचारत नाही." दाजी दोरीला टेकून बसले. "उभा जन्म ज्याची वाट पाहिली ते एकदा बोलावणं आलं, मेव्हणे. आता मनगट कुठे दुखवून घेऊ?"

खाली गोदामात कोणीतरी टायर लोळवत नेत होतं. मग दाजी म्हणाले, "तुम्ही त्याच्यासमोर पडलात आणि चालत घरी आलात. पडायचं कसं, तेवढं शिकवा."

नकल्यानं शिकवलं. हनुवटी छातीला लावायची. हात टेकायचा नाही, मी टेकला होता. डोकं आधी आपटू द्यायचं नाही, कुशीवर जायचं. दाजी एवढे आडदांड, पण पडायला चटकन शिकले.

"आणि मग?"

"मग पडून राहायचं. पंच दहापर्यंत मोजतो. मोजू द्यायचं. दहा झाले की संपलं, घरी जायचं."

वस्ताद मोजायला बसले. दाजी पडले. 'चार' म्हणेपर्यंत उठून उभे.

"दाजी!"

"हो हो, चुकलं."

पुन्हा पडले. पुन्हा उठले. कितीदा तरी तेच. पडायचं बरोबर, पण पडून राहणं काही केल्या जमेना.

तेवढ्यात चिमी जेवणाचा डबा घेऊन जिना चढून आली. "अगंबाई, हे काय? घरी पाण्याची बादली उचला म्हटलं तर कंबर धरते, आणि इथे लोळणं चाललंय!"

कोणी हसलं नाही. तिनं दाजींचा सुजलेला गाल पाहिला. वस्तादांचं खाली गेलेलं तोंड पाहिलं. मग उजवा खांदा हातानं दाबून धरलेल्या भावाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. कालचा डबा, न जेवता उठलेला दादा. तिला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

डबा खाली ठेवून ती दाजींच्या उशाशी बसली.

"अहो," ती म्हणाली, "जरा पडून राहा ना."

"राहतो की," दाजी म्हणाले.

तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवला, तापातल्या लेकराच्या ठेवतात तसा. वस्ताद पुन्हा मोजू लागले. एक. दोन. दाजी शहाण्यासारखे तिच्याकडे बघत पडले होते. चार. पाच.

सहाला तिच्या हाताखाली छाती वर येऊ लागली. दाजींच्या चेहऱ्यावर अजून तेच हसू होतं, नजर अजून तिच्याच तोंडाकडे होती, आणि त्यांचे दोन्ही तळवे जमिनीला रेटा देऊ लागले होते.