दोघांचं काम

संघमित्राने फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि कणकेचे हात धुवायला नळ सोडला. पडद्यावर तिचा धाकटा भाऊ प्रशील गुडघे टेकून मनगटाएवढा जाड दोर ओढत होता.

"बाकीची सगळी जहाजं सकाळीच बाहेर काढली, ताई," तो धापा टाकत म्हणाला. "वादळात धक्क्यापेक्षा खोल समुद्र बरा. आमचं इंजिनच बंद. बांधून घेण्याशिवाय करणार काय?"

कोर्टाच्या भांडणात अडकलेलं ते जहाज नऊ महिने गुजरातेतल्या एका बंदरात उभं होतं. राखणीला दोघंच उरले होते, वरणगावचा प्रशील आणि नरडाण्याचे हिलाल नाना. तीन दिवसांपूर्वी नानांच्या छातीत दुखलं म्हणून त्यांना उतरवून दवाखान्यात नेलं होतं.

धोक्याचा बावटा चढून बराच वेळ झाला होता, तरी वारा पडलेला होता. प्रशीलच्या मागचा समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत दिसत होता. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं.

"विंच कोण चालवतंय मग?" संघमित्राने विचारलं. दोर ओढणारं ते यंत्र दांडा दाबून धरला तरच फिरतं, हे तिला त्यानेच कधीतरी सांगितलं होतं.

"नाना आलेत," तो मान वर न करता म्हणाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "भ्यावू नको, भो. बठ्ठं व्हई जाई."

सगळं होऊन जाईल म्हणणारा तो अहिराणी आवाज तिच्या ओळखीचा होता. मागच्या सुटीत नाना तिच्या हातचं जेवून गेले होते. तिला एकदम हायसं वाटलं. मग चित्र अडकलं आणि फोन तुटला.

ती पोळ्या लाटायला बसली. दुसरीच पोळी तव्यावर असताना पुन्हा फोन वाजला. पलीकडे नानांची मुलगी, भूमिका बोलत होती.

"ताई, आमचे नाना गेले. काल दुपारी, दवाखान्यातच."

संघमित्राच्या हातातलं लाटणं थांबलं.

"त्यांना घेऊन गाडी नवापूरपर्यंत आली आहे. संध्याकाळी घरी पोचतील. प्रशीलदादांचा फोन लागत नाही. तुम्ही सांगाल ना त्यांना?"

"गाडीत सोबत कोण आहे?"

"माझा भाऊ. का हो?"

"काही नाही," ती म्हणाली. "सांगते मी."

पोळी करपली होती. तिने गॅस बंद केला आणि प्रशीलचा नंबर लावून पाहिला; लागला नाही. थोड्या वेळाने प्रशीलचाच फोन आला.

"चार दोर झाले, ताई!"

"जरा बस. नानांबद्दल सांगायचंय."

त्याचे हात थांबले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने फोनकडे नीट पाहिलं. शेजारी कुणी निजलेलं असावं तशा आवाजात तो म्हणाला,

"माहीत आहे मला. जहाजाच्या एजंटानं कालच कळवलं."

"मग हे..."

"पहाटे एकट्यानं करून पाहिलं. विंचपाशी गेलो की दोर सुटायचा, दोर धरला की विंच थांबायचा. हात सोलून निघाले. मान वर केली तर ते दांड्यापाशी उभे." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस."

तो परत दोराकडे वळला. वारा आता उठू लागला होता. त्याचा सदरा पाठीवर फडफडत होता. दोराला त्याने दोन्ही हातांनी पकडलं, पाय रोवले आणि मान हलवली.

विंच घरघरत सुरू झाला.

संघमित्रा दोरावरच्या त्या दोन हातांकडे बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि फोन जवळ घेतला.

"नाना," तिने हाक मारली, "अजून किती दोर राहिले?"

विंच थांबला. प्रशीलच्या मागून तोच आवाज आला.

"दोनच राह्यनात, माय. मंग घर."