टाकीवरची घोंगडी

विरूपाक्षमामांच्या घरात एकाही दाराला कडी नाही. पुढच्या दाराला नाही, माझ्या खोलीला नाही, न्हाणीघरालासुद्धा नाही. आंघोळीला जाताना दारावर टॉवेल टाकायचा आणि आत जोरजोरात खाकरत राहायचं. पाहुणे आले की माझी कोण फजिती व्हायची! मी बारावीनंतर नीटच्या तयारीसाठी देवणीहून लातूरला आले, तेव्हा आईने बसस्टँडवरच बजावलं होतं, "मामांना कड्यांचं कधी विचारायचं न्हाई."

विचारायची गरजच नव्हती. आमच्या नात्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. मामांचा सात वर्षांचा मुलगा सुदर्शन पुन्हा मिरवणुकीत पळेल म्हणून मामांनी आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली. पहाटे जमीन हलली, दिवे गेले. अंधारात चाचपडताना मामांच्या हाताला कडी सापडली नाही. मामा आणि साखरामामी वाचले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण त्या कडीचा हिशेब माझ्या वाट्याला आला.

तेव्हापासून मामांच्या घरात दोन नियम. दाराला कडी नाही आणि दिवा विझवायचा नाही. मामा वीज मंडळात नोकरीला होते, त्यामुळे वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला तर कंदील अशी सगळी तयारी. शिवाय पलंगाजवळ काठोकाठ भरलेला तांब्या. पाणी हललं की बाहेर पळायचं.

कडी नसलेल्या घरात माणूस कोंडला जातो, हे सांगून कुणाला पटणार नाही. माझी खोली बैठकीत उघडायची आणि निवृत्त झालेले मामा दिवसभर बैठकीतच बसायचे. दार जरा करकरलं की आवाज यायचा, "शिवांगे, कुठं निघालीस?"

"पाणी प्यायला, मामा."

"बस. मी आणून देतो."

क्लासला सोडायला मामा, आणायला मामा. माझा फोन मामांच्या खिशात. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे मामा किती लाड करतात गं. मला त्या पोरींचे दात पाडावेसे वाटायचे.

दुसऱ्या वर्षीही माझे मार्क कमीच आले. मला खरं तर हायसं वाटलं. उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयासाठी मी बाबांना सांगून अर्ज केला होता आणि यादीत माझं नाव लागलं. पंधरा दिवसांत जाऊन प्रवेश घ्यायचा होता. तिकडे होस्टेल होतं, तळी होती, आणि मामा नव्हते. पण माझे बाबा, शेषेराव, मोठ्या मेव्हण्याचा शब्द कधी मोडत नाहीत. फोनवर म्हणाले, "मामा हाव म्हणाले तर माझं बी हाव."

मामा म्हणाले, "मासे धरायला दोन वर्षं शिकलीस का? अजून एक वर्ष बस. डॉक्टर होशील." झालं! विषय संपला, आणि माझं तिसरं वर्ष त्याच खोलीत सुरू झालं.

आता त्या माशांचं सांगायला हवं. आदल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका क्लासचे सर आपसात भांडून वेगळे झाले, क्लासला कुलूप लागलं. त्यांच्या बैठकीत पोरांच्या आईबापांवर छाप पाडायला ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मामांनी घरी आणली. आत थोडे दगड आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. लातुरात प्यायच्या पाण्याची मारामार आणि आमच्याकडे समुद्र! मामांनी ती टाकी बैठकीत बरोबर आपल्यासमोर ठेवली. तांब्यापेक्षा तिच्यातलं पाणी हललेलं लवकर दिसतं म्हणे.

यादीत माझं नाव लागलं त्याच सुमारास टाकीतलं पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी जरा धुरकट, मग पालकाच्या भाजीसारखं. मासे दिसेनासे झाले. मामांनी तुरटी फिरवायचं ठरवलं, ती मामीने हातातून काढून घेतली. मग त्यांनी बोअरच्या पाण्यात टाकीसाठीचं मीठ कालवून थोडंथोडं पाणी पुन्हा पुन्हा बदललं. पाणी आणखीच गडद झालं. जेवताना त्यांचा घास हातात राहायचा.

"मेले का काय गं आत?" ते मला विचारायचे. "दिसंनात."

मी टाकीकडे नीट बघितलं. वरचा दिवा रात्रंदिवस चालू. दोन वर्षं घोकलेला प्रकाशसंश्लेषणाचा धडा पहिल्यांदाच कामाला आला. हिरवं होतं ते शेवाळच, डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक. त्याला उजेड मिळत होता आणि बोअरच्या पाण्यातून खत. जोर करणारच की!

"मामा, दिवा बंद करावा लागतो. चारी बाजूंनी झाकायचं, थोडाही उजेड नको. चार दिवस. शेवाळ मरतं, पाणी निवळतं. मासे अंधारात राहू शकतात."

मामांचा चेहरा उतरला. "अंधारात ठेवायचं? कोंडून?"

"हवेची मोटर चालू राहील. त्याशिवाय उपाय न्हाई." आणि संधी साधून मी म्हणाले, "पाणी निवळलं तर मला उदगीरला जाऊ द्यायचं."

ते टाकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "हाव." त्या 'हाव'साठी मी इतके दिवस तरसले होते, पण तो इतका बारीक आला की आनंद करायचं विसरूनच गेले.

मी जारच्या शुद्ध पाण्यात टाकीचं पुडीतलं मीठ विरघळवलं, थोडं हिरवं पाणी उपसून ते आत घातलं. मामीने माळ्यावरची काळी घोंगडी काढली. मी दिवा बंद केला आणि टाकी घोंगडीने चहूकडून गुंडाळली. मोटरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीतून बाहेर आले, तर मामा घोंगडीचं टोक उचलून बॅटरी आत मारत होते.

"मामा!"

"एकदाच बघतो. हलून राहिलेत का तेवढंच."

एकदाच कसलं! मामी म्हणाली, सकाळपासून धा वेळा झालं. म्हणजे पहिल्या दिवसाची मेहनत वाया. प्रवेशाची मुदत जवळ आलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"असं बघत राहिलात तर ते कधीच निवळणार न्हाई. त्यांचं बी न्हाई आन् माझं बी न्हाई! दार करकरलं की विचारता, न्हाणीत गेले तर बाहेर खोकता. जीव घुसमटून राहिला माझा इथं. मी सुदर्शन न्हाई, मामा!"

त्या घरात हे नाव कुणी घेत नसे. मामीच्या हातातलं सूप खाली टेकलं. बोलून गेल्यावर मला माझी जीभ उपटावीशी वाटली, पण बोलले ते खोटं नव्हतं, म्हणून मी मागेही घेतलं नाही.

मामांनी बॅटरी विझवली. घोंगडीचं टोक खाली सोडलं, दोन्ही हातांनी चापून बसवलं. मग भरलेला तांब्या उचलला आणि बाहेर अंगणात जाऊन खाटेवर बसले. त्यानंतर ते बैठकीत आले नाहीत. जेवण बाहेर, झोपणं बाहेर. दार करकरलं तरी आवाज यायचा नाही. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. उलट मीच खिडकीतून बघून यायचे, खाटेवर आहेत ना.

ठरलेले दिवस भरले त्या सकाळी मामीने त्यांना हात धरून आत आणलं. मी घोंगडी काढली. पाणी निवळलं होतं. इतकं, की पलीकडची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, माझ्या खोलीचं दार सगळं आरपार दिसत होतं. एक मासा काचेशी आला. दुसरा दिसेना. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. मासा मेला तर हा माणूस जगात कुणालाच डोळ्याआड होऊ देणार नाही, हे मला कळत होतं. तेवढ्यात दगडामागून दुसरा बाहेर आला आणि तोंड उघडत-मिटत खाणं मागायला लागला.

मामा रडले. माझ्या देखत, पहिल्यांदा. "अंधारात बी राहिले गं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मीही रडले. मामीने डोळे पुसून विचारलं, "पोरीची बॅग भरायची का मग?"

उदगीरला मला सोडायला मामाच आले. होस्टेलची खोली लहान, खिडकी मागच्या आंब्यावर उघडणारी. दाराला आतून लोखंडी कडी. मामांनी गादी दाबून बघितली, पंखा बघितला, दिव्याचं बटण दोनदा दाबलं. त्या कडीकडे मात्र बघितलं नाही. मग खिशातून माझा फोन काढून टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले.

"दार लाव," ते म्हणाले.

मी दार लोटलं.

"कडी लाव."

माझा हात वर गेला आणि तिथेच राहिला. दोन वर्षांत कडी लावायची सवयच गेली होती. पलीकडे ते उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. कडी सरकवली. तिचा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठा झाला.

बाहेरून दार हलकेच ढकललं गेलं. थांबलं. पुन्हा एकदा ढकललं गेलं.

"हाव," मामा म्हणाले, "लागली."

आणि त्यांच्या चपलांचा आवाज जिन्याकडे गेला.