घराची बदनामी

बँकेने दारावर नोटीस चिकटवली, आणि गल्लीला कळायचं काही शिल्लक राहिलं नाही. नवऱ्याने पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यासाठी घर गहाण टाकलं होतं. हप्ते थकले, लिलावाची तारीख लागली. त्याआधी बोली लावणाऱ्यांना घर दाखवायचं होतं.

"बोलीच आली नाही तर लिलाव पुढे जाईल," नवरा म्हणाला. "तेवढ्यात माझी अडकलेली बिलं निघतील. घर कुणाला आवडता कामा नये, बस."

म्हणून आम्ही स्वतःच्याच घराची बदनामी करायला बसलो. ओल दिसावी म्हणून मी मागच्या भिंतीवर बादल्या ओतल्या. नवऱ्याने दिवे काढले आणि सासऱ्यांना बजावलं, "बाबा, आज तोंड उघडायचं नाही."

सासरे गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधून उरलेल्या वेळात त्यांनी हे बांधलेलं. ते मुकाट्याने कोपऱ्यात बसले.

पहिली मंडळी नाक मुरडून गेली. नवऱ्याच्या जिवात जीव आला. मग बँकेच्या साहेबांबरोबर एक हॉटेलवाला आला. त्याने ओल्या भिंतीवर टकटक केली.

"काम कच्चं आहे हो. पाडून नवीन बांधायचं तर मला परवडत नाही. चला."

तो दाराकडे वळला. मी मनात म्हटलं, जा रे बाबा, जा एकदाचा!

"थांबा," सासरे उठले. "ही ओल नाही. पाणी ओतलंय. हातोडा मारून बघा, टवका निघाला तर माझं नाव बदला."

"बाबा!" नवरा ओरडला.

पण सासऱ्यांना कुठलं ऐकू येतंय! त्यांनी त्या माणसाचा हात धरून त्याला जिना दाखवला, गच्चीचा उतार दाखवला, पाया किती खोल खणला ते सांगितलं. मला त्यांचं तोंड दाबून धरावंसं वाटत होतं. आणि लग्न होऊन आल्यापासून त्यांचा इतका खणखणीत आवाज मी कधी ऐकला नव्हता.

खाली आल्यावर हॉटेलवाल्याने साहेबांना विचारलं, "अनामत रक्कम कधीपर्यंत भरायची?"

ते गेले. नवरा जमिनीवरच बसला. "बाबा, तो परत चालला होता. आता आपण राहायचं कुठे?"

सासऱ्यांनी भिंतीवर हात ठेवला.

"कच्चं म्हणाला रे तो," ते म्हणाले, आणि ओक्साबोक्शी रडू लागले.