चौथ्यांदा गळलेली मोटारसायकल

गिरधरभाऊंची मोटारसायकल बैलगाडीत आडवी पडून आलेली पाहिली आणि हाशम मिस्त्रीनं हातातला चहा खाली ठेवला. गाडी आडवी आली म्हणजे पुन्हा गळली. महिन्याभरात चौथ्यांदा! धुळ्याला बहिणीकडे म्हणून सकाळी निघालेले गिरधरभाऊ पाळधीच्या पुढून परत आले होते, तेही बैलगाडीमागे पायी. त्यांचं तोंड बघून बैलांनीसुद्धा चाल वाढवली असावी.

"पाय पेट्रोलनं न्हाऊन निघाले माहे!" ते रस्त्यावरूनच ओरडले. "इंजिन तापेल व्हतं. एक ठिणगी पडती तं धुयाच्या ऐवजी सरगात गेलो असतो. मिस्त्री, तुमाले दिसतं का नही दिसत?"

मिस्त्रीच्या दुकानासमोर जिनिंग कारखान्याचं फाटक. तिथे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि सकाळपासून ताटकळलेल्या गाडीवानांना ही आयतीच करमणूक मिळाली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"दिसतं," हाशम म्हणाला.

हे साफ खोटं होतं. धुळ्याच्या डॉक्टरनं दिवाळीआधीच सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, पण अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू. मोतीबिंदू काय आंबा आहे, आढीत घालून पिकवायला? पण डॉक्टरशी हुज्जत कोण घालणार. ही गोष्ट हाशम आणि त्याची बायको आबेदा यांच्यापलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. मिस्त्रीचे डोळे गेले अशी एकदा जळगावात बोंब उठली की दुकानाला कुलूपच. महायुद्धाच्या काळात देवळालीच्या लष्करी वर्कशॉपात त्यानं शेकडो मोटारसायकली खोलून पुन्हा उभ्या केल्या होत्या. आता हा एक मुठीएवढा कार्ब्युरेटर त्याला दाद देत नव्हता. त्याला चीड जास्त येत होती की भीती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गाडीही लष्करातलीच, गिरधरभाऊंनी लिलावात घेतलेली. तिची नस न् नस हाशमला ठाऊक. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या छोट्या भांड्यात येतं. भांडं भरलं की आतला फ्लोट, म्हणजे पितळेची पोकळ डबी, तरंगत वर जातो, त्याच्याबरोबर सुई वर सरकते आणि पेट्रोल येण्याचं भोक बुजवते. सुई नीट बसली नाही तर पेट्रोल येतच राहतं आणि भांडं भरून बाहेर वाहतं. एवढीच काय ती विद्या, आणि तेवढ्यासाठी हा माणूस महिनाभर डोकं आपटत होता.

पहिल्या खेपेस त्यानं वॉशर बदलले. दुसऱ्या खेपेस सुई तिच्या जागेत घासून घासून बसवली, बोटं सोलवटेपर्यंत. तिसऱ्या खेपेस सुईवरचा चाप एक खाच सरकवून पाहिला. दर वेळी दुकानात तासभर गाडी उभी ठेवायची, खाली कागद पसरायचा, आणि कागद कोरडाच्या कोरडा! गिरधरभाऊ खुशीत फटफट करत आपल्या गावी आसोद्याला जायचे आणि दोन-तीन दिवसांनी शिव्या देत परत यायचे.

आता राहिला होता फक्त फ्लोट. त्याला बारीक छिद्र असेल तर आत पेट्रोल शिरतं आणि तो जड होऊन तरंगतच नाही. हाशमनं तो कानाशी धरून हलवला. आत काही खुळखुळलं नाही. तरी मनाची खात्री होईना, म्हणून घरी नेऊन कोरडा करून गरम पाण्यात बुडवला. छिद्र असलं तर हवेचे बुडबुडे निघतात. निघाले असते तरी त्याला काय कप्पाळ दिसणार होते!

"बुलबुले आ रहे क्या?" त्यानं आबेदाला विचारलं.

आबेदानं आधी पातेल्यात पाहिलं, मग नवऱ्याकडे. "नहीं." आणि थोडं थांबून, "अब लोगों को बोल दो ना."

"क्या बोलूं?" तो खेकसला आणि त्या तिरीमिरीत गरम पाण्यातच हात घातला. बोटं पोळली. त्याचा रागही आबेदावरच निघाला.

त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही. गाडी दुकानात गळत नाही, आसोद्याला गेली की गळते. म्हणजे जे काय भूत आहे ते आसोद्यात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जोडून झाल्यावर तो स्वतःच गिरधरभाऊंच्या मागे बसला.

"घरी रोज जसं करता तसंच करा," आसोद्याच्या अंगणात पोचल्यावर तो म्हणाला. "मी इथे बसतो."

गिरधरभाऊंनी पेट्रोलचा डबा काढला, नरसाळं टाकीत बसवलं आणि घरात हाक मारली. त्यांच्या बायकोनं, मंदाबाईनं, काहीतरी पांढरं आणून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नरसाळ्यात दाबून भरलं आणि वरून पिंडीवर अभिषेक करावा तशी पेट्रोलची धार सोडली.

"नरसाळ्यात काय घातलं?" हाशमनं विचारलं.

"रुई. माह्या वावरातल्या कापसाची. एक एक सरकी हातानं काढून देते हे."

"पेट्रोल रुईतून गाळता?"

"आता घ्या! तुमीच तं सांगितलं, टाकीची जायी सडली, फेकून देली, आता पेट्रोल गायून टाकत जा म्हणून!"

खरंच सांगितलं होतं. गाडी नवी नवी आणली तेव्हाच, टाकीतली गाळणीची जाळी सडलेली पाहून. लष्करात पेट्रोल मऊ कातड्यातून गाळायचे, म्हणून कशातून हे सांगायची गरज आहे असं हाशमच्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्याच्या घरात कापसाच्या राशी, तो कशातून गाळणार? आपलंच थोबाड फोडून घ्यावं असं त्याला झालं.

"थोडं चालू द्या इंजिन," तो म्हणाला. भांड्याच्या झाकणावर बोट ठेवून तो बसून राहिला. काही वेळानं बोट ओलं झालं. त्यानं पेट्रोलचा कॉक बंद केला, भांडं उघडलं आणि सुई काढून गिरधरभाऊंच्या हातात दिली.

"हा पाहा! टोकाले तंतू बिलगेल हाये!" गिरधरभाऊ ओरडलेच. त्यांनी तो अलगद ओढून घेतला आणि कापूस पारखायच्या सवयीनं दोन अंगठ्यांत ताणून त्याची लांबी पाहिली. "पाऊण इंच. माह्याच वावरातला!" मग त्यांचा चेहरा पडला. "हाशमभाऊ, काल मी चार लोकांत नही ते बोललो. उद्या जिनिंगच्या फाटकासमोर उभा राहून सांगतो, मिस्त्रीचे डोये खणखणीत हायेत, चूक माही व्हती. हा पाहा ना!"

त्यांनी चिमूट उन्हात धरली.

हाशमनं पाहिलं. काळी, राबलेली दोन बोटं. त्यांच्या मागे ऊन. मधे काही नव्हतं. हात आपला चुकला नव्हता, याचा आनंद त्याच्या छातीत मावत नव्हता. पण असे तंतू दर खेपेस त्याच्या हातात आले होते. दर खेपेस त्यानं सुई उजेडात फिरवून पाहिली होती आणि साफ आहे म्हणून पुसून ठेवली होती. नुसतं 'हो' म्हटलं की दुकान वाचत होतं. तोंडात आलेला 'हो' त्यानं गिळला.

"नका सांगू, गिरधरभाऊ," तो म्हणाला. "मला तुमची चिमूट दिसते. तंतू दिसत नाही."

गिरधरभाऊंचा हात तसाच उन्हात राहिला. मंदाबाई पदराला हात पुसत आत निघून गेली. मग गिरधरभाऊंनी तो तंतू धोतराला पुसला, हाशमला खेटून खाली बसले आणि सुई त्याच्या हातात ठेवली.

"तुमी बसवा," ते म्हणाले. "मी पाह्यतो."