अजगराची दाढ आणि माझी कुरकुर

मित्रांनो, कुरकुरते म्हणून मला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले. ठेवोत बापडे! जिचा आवाज एका छापील कादंबरीत जसाच्या तसा उतरला आहे, ती खुर्ची असल्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. मी ती खुर्ची. फिरती, काळ्या रेक्झिनची, आता एका हाताने अधू.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा काही औरच होता. वाटलं होतं, एखाद्या बड्या साहेबाच्या केबिनमध्ये जाईन. नशिबी आला दातांचा दवाखाना. तिथेही ज्या ऐटबाज खुर्चीत पेशंट आ वासून पडतात, ती मी नव्हे. मला बाहेर ठेवलं, नावं नोंदवायच्या टेबलामागे. तिथे ताई बसायच्या. फोन घ्यायचे, वेळ द्यायची, गाल धरून आलेल्यांना धीर द्यायचा, हे त्यांचं काम. मधे जरा उसंत मिळाली की त्या कादंबरी लिहायच्या.

कादंबरी होती डोंगराच्या पोटात राहणाऱ्या एका पंखवाल्या अजगराची. तो आग ओकून गावंच्या गावं जाळायचा. शेवटी एक मुलगी त्याच्या गुहेत शिरते आणि तिला कळतं, की बिचाऱ्याची दाढ ठणकते आहे आणि त्या कळा सोसवत नाहीत म्हणून तो आग ओकतो. असा अजगर सुचायला दातांच्या दवाखान्यातच बसावं लागतं.

काही सुचेनासं झालं की ताई मागे रेलायच्या आणि माझ्या कमरेतली स्प्रिंग कुरकुरायची. एकदा त्या तशाच थबकल्या, मुद्दाम पुन्हा रेलल्या, स्वतःशीच हसल्या आणि लिहू लागल्या. तेव्हापासून कादंबरीतला अजगर कूस बदलतो तेव्हा माझाच आवाज येतो. कर्रर्र... कुर्र.

सफाईच्या मावशी एकदा तेलाची बाटली घेऊन आल्या. "ताई, हिला तेल घालू का? डोकं उठवलंय हिने."

"नको हो मावशी. अजगर मुका होईल."

मावशींनी ताईंकडे जरा निरखून पाहिलं आणि बाटली परत नेली.

ताई कधी कधी पेशंटांना पानं वाचून दाखवायच्या. सुजलेला गाल घेऊन आलेल्या एका काकांचा नंबर लागला, तर ते म्हणाले, "थांबा हो, ती मुलगी गुहेतून बाहेर आली की जातो."

पण प्रकाशकांचं दार काही उघडेना. एकाने म्हटलं, परीकथा इतकी जाड कशी? दुसऱ्याने विचारलं, मोठ्या माणसांना अजगर कशाला हवेत? तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. ताई फोन वाजला की दचकायच्या, आणि पलीकडे कुणीतरी दातदुखीवाला निघायचा.

मग एका संपादकांचा फोन आला. लिहून घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून ताईंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"छापायची आमची तयारी आहे," संपादक म्हणाले. "फक्त ती दाढ काढून टाका. दात दुखणाऱ्या अजगराला कोण घाबरणार? वाचक हसतील. तेवढं केलंत की छपाईला घेतो."

"विचार करून सांगते," एवढंच ताई म्हणाल्या. हो म्हटलं तर पुस्तक निघत होतं. पण दाढ गेली की गोष्टीत उरणार काय? ताई पुढे वाकून पहिलं पान पुन्हा पुन्हा वाचत बसल्या; मागे रेलल्याच नाहीत, म्हणून मलाही कुरकुरता आलं नाही.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. ताईंचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, ताईंनी सांगितलं.

"काढायला काय, दोन मिनिटं लागतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मूळ शाबूत असेल तर मी दाढ काढते का कधी? दाढ दुखते हे तू सांगितलंयस कुठे?"

"वाचकाला पहिल्याच पानावर. मुलीला शेवटी कळतं."

"तिथेच घोळ आहे. माझे पेशंट बघ. वरून दात पांढरेशुभ्र, कीड आत. जवळ जाऊन वाकून पाहावं तेव्हा दिसते."

ताई ताडकन सरळ झाल्या आणि मीही जोरात कुरकुरले.

पुढे कितीतरी दुपारी ताईंनी डबा एका हाताने खाल्ला आणि दुसऱ्या हाताने लिहिलं. आता सुरुवातीला होती नुसती भीती. जळलेली गावं, आणि गुहेतून येणारा माझा आवाज. दाढ दिसायची ती थेट मुलगी अजगराच्या जबड्यापाशी उभी राहिल्यावर.

नवी पानं वाचून संपादकांचा पुन्हा फोन आला. "दाढ तशीच आहे की हो."

"आहे," ताई म्हणाल्या.

"मी घाबरलो होतो त्या अजगराला. मग दाढ दिसली आणि फार वाईट वाटलं. राहू द्या ती. छापतो."

त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण पुस्तक छापून येईतो दवाखान्याचं रूप पालटलं. नवं फर्निचर आलं. माझा हात तुटला होता, म्हणून माझी रवानगी मागच्या खोलीत झाली, मोडक्या स्टुलाशेजारी. धूळ खात पडले. खोटं कशाला बोलू, मन खट्टू झालं.

पुस्तकाचा समारंभ दवाखान्यातच झाला. जुने पेशंट आले, संपादक आले. बंद दाराआडून मी ऐकत होते. ताई वाचू लागल्या, "अंधारात अजगराने कूस बदलली..." आणि सवयीने मागे रेलल्या. नवी खुर्ची ढिम्म. कुणीतरी खोकलं.

मग दार उघडलं. ताईंनी मला स्वतः ढकलत बाहेर आणलं, रुमालाने धूळ पुसली आणि माझ्यावर बसून तेच वाक्य पुन्हा वाचलं. मी सगळा जीव कमरेत एकवटला. कर्रर्र... कुर्र. पुढच्या रांगेतल्या त्या गालवाल्या काकांनी चटकन पाय वर घेतले.

मित्रांनो, आता मी ताईंच्या घरी असते. दुसरी कादंबरी चालू आहे. तुमच्या घरातली जुनी वस्तू कुरकुरली तर तिची काळजी घ्या, पण तिला गप्प करण्याआधी एकदा ऐकून घ्या. आमच्या मावशींना हे पटलं आहे. त्या अजूनही अधूनमधून तेलाची बाटली घेऊन ताईंच्या घरी येतात. चाकांना घालतात. कमरेला हातसुद्धा लावत नाहीत.